यंत्र रुसलं तर...

मंगळवारची सकाळ. साडेदहाला माझा शाळेत तास, ह्यांचा डबा अर्धवट भरलेला, आणि कपडे धुण्याच्या मशीनखालून पाण्याचा ओहोळ थेट स्वयंपाकघरापर्यंत! काचेतून पाहते तो आत पाणी तुंबलेलं आणि मुलांचे गणवेश त्यात गटांगळ्या खाताहेत. दुरुस्तीवाल्यांना फोन केला, तर मशीन न पाहताच त्यांनी सांगून टाकलं, "पंप गेला. नवा बसवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आधी आपणच पाहू.

त्या घाईत ओल्या फरशीवरून, ओल्या हातांनी मी मशीनकडे निघाले, तोच सासूबाई ओरडल्या, "अगं, आधी बटण!"

मैत्रिणींनो, पहिला धडा हाच. कोरड्या हातांनी बटण बंद करा, प्लग काढा, नळ बंद करा. पाणी प्लग किंवा वायरपर्यंत पोचलं असेल, तर तिकडे जाऊच नका. कोरड्या जागेवरून घराचा मेन स्विच बंद करा. गणवेश पुन्हा शिवता येतात, गृहिणी नाही!

पाणी का जात नाही?

आधी मागचा पाइप पाहा. भिंतीशी दबून मुडपला असेल, तर तो सरळ करताच काम होतं. मोरीची जाळीही पाहून घ्या. ती तुंबली असली, तर मशीनने सोडलेलं पाणी उलट घरात येतं आणि आपण उगाच मशीनला दोष देतो.

समोरून दार असलेल्या मशीनला पुढच्या बाजूस, अगदी खाली एक लहान झाकण असतं. त्यामागे फिल्टर असतो. कित्येक घरांत हे झाकण वर्षानुवर्षं कोणी उघडतच नाही! खाली परात आणि जुने टॉवेल ठेवा. पाणी गरम असेल तर निवू द्या. शेजारी बारीक नळी असेल, तर आधी तिच्यातून पाणी काढा. मग फिल्टर डावीकडे हळूहळू सैल करा. एकदम काढलात, तर परात पुरायची नाही!

आमच्या फिल्टरमधून निघालं काय? दोन हेअरपिना, एक रुपयाचं नाणं, शर्टाचं बटण आणि धाग्यांचा बोळा. आतला लहान पंखा बॅटरीच्या उजेडात पाहून लाकडी काडीने हलवला. तो थोडा अडत अडत फिरला तरी घाबरू नका, बऱ्याच पंपांची ती रीतच असते.

दोन टबांच्या मशीनमध्ये धुण्याच्या टबाला बहुधा पंप नसतो. पाणी उतारानेच जातं. म्हणून तिचा पाइप जमिनीलगत सोडलेला हवा. तो बादलीच्या काठावर अडकवला, तर पाणी उतरणार कसं?

गळतं केव्हा?

मशीनखाली जुना पेपर पसरा आणि पेपर केव्हा, कुठे भिजतो ते पाहा.

पाणी भरताना गळत असेल, तर नळाकडचा सांधा आणि त्यातला रबरी वायसर तपासा. साबणाचा खण चिकट होऊन तुंबला तरी पाणी बाहेर येतं. तो काढून कोमट पाण्यात धुवा.

कपडे फिरताना दारातून गळत असेल, तर दाराभोवतीच्या रबराच्या घडीत बोट फिरवा. पिन, मोजा किंवा चीर सापडेल. हाताने धुण्याची पावडर या मशीनमध्ये घातली, तर फेस इतका होतो की तो बाहेर येतो आणि पाणीही नीट उपसू देत नाही. मशीनसाठीची, कमी फेसाची पावडरच वापरा.

पाणी सोडताना गळत असेल, तर मागचा पाइप तपासा. खालच्या झाकणापाशी सतत ओल असेल, तर फिल्टर पाहा. आमचं तेच झालं होतं. दिवाळीच्या साफसफाईत फिल्टर मीच घाईने बसवला होता आणि त्याच्या रबरी कडीखाली मोज्याचा एक धागा राहिला होता. हळूहळू त्यातूनच पाझर सुरू झाला. दुखणी दोन, पण जागा एकच!

दुरुस्तीवाल्यांना कधी बोलवाल?

जळकट वास आला, हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, मशीनच्या मध्यातून पाणी पडू लागलं, किंवा फिल्टर स्वच्छ असूनही पाणी उपसलं जाईना, तर स्वतः काही उघडू नका. पण बोलावताना "मशीन बिघडलंय" एवढंच न सांगता काय काय पाहिलंत तेही सांगा. माणूस मग जपून बोलतो.

आता महिन्यातून एकदा मी फिल्टर धुते आणि रबरी कडी पुसून घट्ट बसवते. आणि मशीन लावण्याआधी सगळ्यांचे खिसे सासूबाई तपासतात. निघालेली नाणी त्यांच्या डब्यात जातात. या महिन्यात एकवीस रुपये जमले हो!