अक्षरांचा फिरता डोनट
अँडी स्लोन या प्रोग्रामरने २००६ साली सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा कोडच डोनटच्या आकारात मांडलेला. चालवला की पडद्यावर निव्वळ चिन्हांचा डोनट गरागरा फिरतो. पुढे त्याने तो जावास्क्रिप्टमध्येही आणला, त्यामुळे आता ब्राउझर पुरतो. खरी गंमत उजेडाच्या हिशेबात आहे. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडतो ते गणिताने काढायचे. अंधाऱ्या जागी टिंब, झगझगीत जागी @, मधल्या छटांना मधली चिन्हे, एकूण १२. मग वेबपानावरच्या, एचटीएमएलच्या ‘प्री’ टॅगमधला मजकूर सेकंदाला वीसेक वेळा बदलायचा, बस्स! फाँट मात्र समान रुंदीचा हवा. देवनागरीत हे जमवणे जिकिरीचे. शिकायचे असेल तर आधी साधे वर्तुळ फिरवून पाहा.