क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड (चित्रपटसंगीत)

क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड या १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या अमेरिकन विज्ञानकथापटाचे संगीत जॉन विल्यम्स यांनी रचले. चित्रपटाचे लेखन व दिग्दर्शन स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे आहे. परग्रहावरील जीव आणि माणूस यांच्यातील संवाद या चित्रपटात शब्दांऐवजी पाच स्वरांच्या एका आकृतीतून घडतो. त्यामुळे संगीत येथे केवळ प्रसंगांना साथ देत नाही, तर कथानकाचाच भाग बनते. ही स्वराकृती हजारोंच्या समुदायाच्या कंठातून ऐकू येते, तो प्रसंग महाराष्ट्रातील खालापूर तालुक्यातील हाळ या गावी चित्रित झाला. पुढे या संगीताला ध्वनिमुद्रिकेच्या व मैफलीच्या जगात नेणाऱ्यांमध्ये मुंबईत जन्मलेले वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता हे प्रमुख होते.

पार्श्वभूमी

विज्ञानकथापटांना कोणते संगीत शोभते, याविषयी हॉलिवूडमध्ये बराच काळ चाचपणी चालू होती. बर्नार्ड हरमन यांनी द डे द अर्थ स्टुड स्टिल (१९५१) या चित्रपटासाठी थेरेमिन या विद्युतवाद्याचा उपयोग केला. हात न लावता वाजवल्या जाणाऱ्या या वाद्याचा थरथरता आवाज पुढे अनेक वर्षे परग्रहवासीयांची खूण बनून राहिला. फॉरबिडन प्लॅनेट (१९५६) या चित्रपटात लुई व बेबी बॅरन या दांपत्याने वाद्यवृंद पूर्णपणे बाजूला ठेवून केवळ इलेक्ट्रॉनिक ध्वनी वापरले. १९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांनी २००१: अ स्पेस ओडिसी या चित्रपटासाठी ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून लिहून घेतलेले संगीत वगळले आणि त्याऐवजी रिचर्ड श्ट्राउस, योहान श्ट्राउस, लिगेती आदींच्या आधीच उपलब्ध असलेल्या रचना योजल्या. भव्य वाद्यवृंद आणि अवकाश यांचे नाते प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले ते याच चित्रपटामुळे.

मे १९७७ मध्ये स्टार वॉर्स प्रदर्शित झाला. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेले त्याचे संगीतही विल्यम्स यांचेच होते. क्लोज एन्काउंटर्स त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला न्यू यॉर्क येथे प्रदर्शित झाला. एकाच संगीतकाराच्या या दोन रचना सहा महिन्यांच्या अंतराने आल्या, तरी त्यांची जातकुळी वेगळी आहे. स्टार वॉर्सचे संगीत नायक, खलनायक व युद्ध यांची ओळख करून देते. क्लोज एन्काउंटर्समधील पात्रे मात्र स्वतःच संगीत ऐकतात, त्याचा अर्थ शोधतात आणि वाजवूनही पाहतात.

पाच स्वर

स्पीलबर्ग यांना पूर्ण चाल नको होती. दारावरच्या घंटीसारखी, हाक मारल्यासारखी छोटी खूण त्यांना हवी होती. विल्यम्स यांना आणखी काही स्वर मिळावेत असे वाटत होते, कारण पाच स्वरांत सुरावट उभी राहत नाही. दिग्दर्शकाला नेमके तेच हवे होते. सप्तकातील बारा स्वरांतून, पुनरावृत्तीला मुभा देऊन, पाच स्वरांचे २,४८,८३२ क्रम तयार होतात. विल्यम्स यांनी त्यांतून सुमारे तीनशे आकृत्या लिहून दाखवल्या आणि त्यांतील एक निवडली गेली.

पाश्चात्त्य स्वरनामांनुसार ही आकृती रे, मी, दो, खालच्या सप्तकातील दो आणि सोल अशी आहे. भारतीय स्वरनामांत ती रें गं सां सा प अशी लिहिता येते. पहिले तीन स्वर तार सप्तकातील असून चौथ्या स्वरावर आकृती एक पूर्ण सप्तक खाली उतरते आणि मध्य पंचमावर येऊन थांबते. यातील सा, रे, ग, प हे चारही स्वर भूप रागात येतात. भूपाचा केवळ धैवत येथे नाही. अर्थात स्वर जुळले म्हणजे राग झाला असे नव्हे.

ही आकृती अपुरी वाटते, कारण ती षड्जावर परत न येता पंचमावर थांबते. पाश्चात्त्य कानाला ती प्रश्न विचारल्यासारखी वाटते, आणि चित्रपटाच्या कथेला हेच उपयोगी पडते. मात्र हा परिणाम षड्ज कोठे मानला आहे यावर अवलंबून आहे. आकृतीतील शेवटचा स्वरच षड्ज धरून तानपुरा लावला, तर तेच पाच स्वर प ध म, मंद्र म आणि सा असे ऐकू येतात व आकृती षड्जावर विसावते. म्हणजे एका श्रोत्याला जो प्रश्न वाटतो, तो दुसऱ्याला पूर्णविराम वाटू शकतो. संगीत ही विश्वभाषा आहे, या चित्रपटाच्या मूळ गृहीतकाला ही मर्यादा आहे. चित्रपट तिच्याकडे वळत नाही.

हाळ येथील चित्रीकरण

चित्रपटात फ्रेंच शास्त्रज्ञ लाकोम्ब यांची तुकडी जगभर घडणाऱ्या अनाकलनीय घटनांचा माग काढत भारतात येते. ही भूमिका फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी केली आहे. येथे त्यांना मोकळ्या जागेवर बसलेला प्रचंड जनसमुदाय पाच स्वरांची आकृती पुन्हापुन्हा गाताना आढळतो. हा आवाज कोठून आला, असे विचारताच असंख्य हात एकाच वेळी आकाशाकडे उंचावतात. कोणताही विशेष दृश्य परिणाम न वापरता घेतलेले हे दृश्य चित्रपटातील सर्वांत स्मरणीय दृश्यांपैकी एक मानले जाते.

पडद्यावर हे ठिकाण उत्तर भारतातील धरमशाला असल्याचे सांगितले आहे. प्रत्यक्षात चित्रीकरण १९७७ च्या प्रारंभी मुंबई-पुणे मार्गावरील खालापूरजवळच्या हाळ गावी झाले. त्या वेळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. या जिल्ह्याचे नाव पुढे रायगड झाले. चित्रपटाचे मुख्य छायाचित्रकार विल्मोश झिग्मंड होते, तथापि भारतातील प्रसंग डग्लस स्लोकोम्ब यांनी चित्रित केला. दुभाष्याची भूमिका करणारे अभिनेते बॉब बालाबन यांनी चित्रीकरणाच्या काळात ठेवलेली रोजनिशी १९७८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

या प्रसंगानंतर लगेचच एका सभागृहात लाकोम्ब ही ध्वनिमुद्रित आकृती तज्ज्ञांना ऐकवतात आणि प्रत्येक स्वरासाठी हाताची एकेक खूण करून दाखवतात. या खुणा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी प्रचारात आणल्या आणि हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीमुळे त्या सर्वत्र पोहोचल्या. बहिऱ्यांना स्वर कळावेत म्हणून नव्हे, तर मुलांना स्वरस्थाने डोळ्यांनी दिसावीत म्हणून त्या योजल्या आहेत. चित्रपटाच्या अखेरीस परग्रहवासी आणि लाकोम्ब याच खुणांनी एकमेकांचा निरोप घेतात.

कथेच्या रचनेत हाळच्या समुदायाला मिळालेले स्थान मात्र मर्यादित आहे. स्वर त्यांना आधी मिळतात. त्यांचा उलगडा करतात ते परदेशी तज्ज्ञ. भारतात स्वरलेखनाची स्वतःची परंपरा आहे. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत ही आकृती एका ओळीतही मावणार नाही असे नाही. पाच अक्षरे आणि तीन टिंबे तिला पुरेशी आहेत. गाणाऱ्यांपैकी कोणालाही चित्रपटात त्याविषयी विचारले जात नाही.

वाद्यवृंदरचना

चित्रपटाच्या आरंभी पडदा काळा असतो. तंतुवाद्यांचा व मानवी आवाजांचा गुंजारव हळूहळू वाढत जातो आणि प्रकाशाच्या लोटाबरोबर संपूर्ण वाद्यवृंदाच्या एका आघाताने फुटतो. पूर्वार्धातील बरेच संगीत लिगेती व पेंडेरेत्स्की यांच्या शैलीची आठवण करून देते. परस्परांना खेटून असलेले स्वर एकाच वेळी वाजतात, त्यांत षड्ज सापडत नाही आणि श्रोता अस्वस्थ होतो. आकाशातील दिवे शत्रूचे की मित्राचे, हे पात्रांना ठाऊक नसते तोवर संगीतही ते सांगत नाही. भीती निवळत जाते तसतसे संगीत स्थिर स्वरकेंद्राकडे सरकते आणि शेवटी तंतुवाद्यांच्या विस्तीर्ण, मधुर सुरावटीत विलीन होते. चित्रपटाची सारी भावनिक वाटचाल या एका प्रवासात सामावलेली आहे. संवाद काढून टाकले तरी ती कळेल.

डेव्हिल्स टॉवर या वायोमिंगमधील सुळक्यापाशी घडणारा अखेरचा प्रसंग संगीताच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. माणसांच्या बाजूने एआरपी २५०० हा सिंथेसायझर पाच स्वर वाजवतो. पडद्यावर तो वाजवणारे फिल डॉड्स हे प्रत्यक्षातही एआरपी कंपनीचे अभियंते होते. प्रारंभी उत्तर येत नाही. मग महाकाय यानातून ट्यूबाचा खर्जातला आवाज उमटतो आणि त्याच्या दाबाने काच फुटते. यानंतर ओबो व ट्यूबा यांच्यात सवालजवाब सुरू होतात. लय वाढत जाते, आकृती मोडून नवी वळणे येतात आणि यानाला उत्तर देणे मानवी बोटांना अशक्य झाल्यावर संगणक ते काम हाती घेतो. जुगलबंदी ऐकलेल्या श्रोत्याला या प्रसंगाचा घाट ओळखीचा वाटेल. ट्यूबावादन जिम सेल्फ यांचे आहे.

चित्रपटांत साधारणतः संकलन पूर्ण झाल्यावर संगीत लिहिले जाते. येथे स्वराकृती चित्रीकरणापूर्वीच ठरवावी लागली, कारण पात्रांना ती गायची आणि वाजवायची होती. शेवटच्या भागाचे संकलनही स्पीलबर्ग यांनी संगीताच्या अंगाने केले.

झुबिन मेहता आणि मैफलीतील सादरीकरण

चित्रपटाचे संगीत गंभीर मैफलीत वाजवावे की नाही, याविषयी १९७७ मध्ये अनेक सिम्फनी वाद्यवृंद साशंक होते. त्या वेळी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक झुबिन मेहता (जन्म २९ एप्रिल १९३६, मुंबई) होते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. अवकाशाशी जोडल्या गेलेल्या रचना झुबिन यांना नव्या नव्हत्या. श्ट्राउस यांची जरथुष्ट्रावरील रचना आणि गुस्ताव होल्स्ट यांची द प्लॅनेट्स ही ग्रहमाला त्यांनी याच वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केली होती.

२० नोव्हेंबर १९७७ रोजी, म्हणजे क्लोज एन्काउंटर्सच्या प्रदर्शनानंतर चारच दिवसांनी, मेहता यांनी हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागृहात लेझर प्रकाशाच्या साथीने स्टार वॉर्समधील संगीत सादर केले. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्टार वॉर्स व क्लोज एन्काउंटर्स या दोन्ही चित्रपटांतील संगीतमालिका डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केल्या. हॉलिवूडच्या स्टुडिओबाहेर, एका मान्यवर सिम्फनी वाद्यवृंदाने वाजवलेल्या या मुद्रिकेमुळे पाच स्वरांची ती आकृती पडद्यावरील दृश्यांशिवायही ऐकली जाऊ लागली.

त्याच वर्षीचा दुसरा संदेश

चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी काही आठवडे संगीताचा एक खरा संदेशही अवकाशात रवाना झाला होता. चित्रपटाशी त्याचा संबंध नाही, परंतु तुलना उद्बोधक आहे. व्हॉयेजर २ (२० ऑगस्ट १९७७) व व्हॉयेजर १ (५ सप्टेंबर १९७७) या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली प्रत्येकी एक तबकडी बसवली आहे. तिच्यावर ५५ भाषांतील अभिवादने असून त्यांत मराठीही आहे. संगीताच्या विभागात जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी समाविष्ट आहे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंचे दुसऱ्या यानाच्या उड्डाणानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी निधन झाले.

चित्रपटाने पाच स्वर पुरेसे मानले, कारण त्याला दोन्ही बाजूंकडून तत्काळ प्रतिसाद हवा होता. तबकडी तयार करणाऱ्यांना उत्तराची अपेक्षाच धरता येत नव्हती, म्हणून त्यांनी संक्षिप्त खुणेऐवजी संपूर्ण गायन पाठवले.

पुरस्कार

१९७८ च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट मूळ संगीतासाठी विल्यम्स यांच्या या दोन्ही रचनांना नामांकन होते. पुरस्कार स्टार वॉर्सला मिळाला. क्लोज एन्काउंटर्सला छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले. १९७९ च्या ग्रॅमी सोहळ्यात या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेला व मुख्य संकल्पनेच्या वाद्यरचनेला असे दोन पुरस्कार देण्यात आले.

भारतीय चित्रपटांत

हिंदी चित्रपटसृष्टीत मोठ्या वाद्यवृंदाची परंपरा जुनी असून तिची उभारणी बरीचशी गोव्यातून मुंबईत आलेल्या, स्टाफ नोटेशन वाचू शकणाऱ्या वादकांनी व संगीत संयोजकांनी केली. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासह मिस्टर इंडिया (१९८७) या अदृश्य होणाऱ्या नायकाच्या चित्रपटाला संगीत दिले. मात्र हिंदी विज्ञानकथापटांची ओळख प्रामुख्याने गाण्यांमुळे राहिली आणि त्यांचे पार्श्वसंगीत क्वचितच स्वतंत्रपणे प्रकाशित झाले.

क्लोज एन्काउंटर्सच्या कल्पनेशी सर्वांत जवळचा भारतीय चित्रपट म्हणजे राकेश रोशन यांचा कोई... मिल गया (२००३). राजेश रोशन यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात शास्त्रज्ञ ॐकाराच्या ध्वनीची निरनिराळी रूपे संगणकाद्वारे अवकाशात पाठवतो आणि त्यांना उत्तर मिळते.