जावातील खेडे : तेथील जीवन व जमीनजुमला

परदेशात घर अथवा जमीन घेण्याची बोलणी आपल्या व्यापारी वर्गात अलीकडे पुष्कळ ऐकू येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते व तीतून स्थावर घेण्यासही मुभा आहे. तेव्हा दुबईनंतर कित्येकांची दृष्टी इंडोनेशियाकडे वळावी यात नवल नाही. बालीच्या किनाऱ्याची चित्रे पाहून पुष्कळांचे मन मोहून जाते. आम्ही मात्र वाचकांस किनाऱ्यावर न नेता जावा बेटाच्या मध्यभागी, क्लातेन जिल्ह्यातील खेड्यांत नेणार आहोत. कारण त्या देशात जमीन म्हणजे काय वस्तू आहे, हे खेड्यात गेल्यावाचून कळावयाचे नाही.

योग्यकर्ता आणि सुराकर्ता या दोन जुन्या राजधान्यांच्या मध्ये, मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याशी हा जिल्हा पसरला आहे. प्रंबाननची मंदिरे त्याच्या सीमेवरच उभी आहेत. ज्वालामुखीच्या राखेने जमीन कसदार झालेली, झऱ्यांचे पाणी बारमाही, त्यामुळे एकाच खाचरात वर्षातून दोन, कोठे तीन भातपिके निघतात. देलांगूचा तांदूळ तर साऱ्या जावात नावाजलेला आहे.

भाषा कानी पडली की आपला माणूस चकित होतो. खेड्यास ते 'देसा' म्हणतात, जिल्ह्याच्या अधिपतीस 'बुपाती' म्हणजे भूपती, साक्षीदारास 'साक्सी', किमतीस 'हार्गा' म्हणजे आपला अर्घ, मालमत्तेस 'हार्ता' म्हणजे अर्थ, व्यापाऱ्यास 'सौदागार'. आणि भाड्याला शब्द आहे 'सेवा'! हा शेवटचा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

खेड्यातील घर बहुधा एकमजली, कौलारू असते व त्याभोवती परसबाग असते. नारळ, केळी, फणस, टापिओका, दोन-चार कोंबड्या; धान्य शेतातून आणि वरकड खर्च परसातून, अशी वाटणी. बाजार आठवड्याचा नव्हे. जावात सात वारांच्या जोडीला लेगी, पाहिंग, पोन, वागे व क्लिवोन असे पाच वारांचे जुने चक्र आहे, आणि गावोगावचे बाजार या पाचांपैकी एकेका वारी भरत आले आहेत. शेजारपाजारच्या बायका दरमहा ठराविक रक्कम जमवून चिठ्ठी काढतात व जिचे नाव निघेल तिला ती रक्कम देतात. याला 'आरिसान' म्हणतात. आपली भिशी ती हीच. एक अक्षराचा फरक नाही. लग्नकार्यात कोणी किती आहेर दिला हे वहीत लिहून ठेवतात आणि त्याच्या घरच्या कार्यात तेवढ्याची परतफेड करतात. गावाची कामे सर्वांनी मिळून करावयाची, रात्रीचा पहारा पाळीने द्यावयाचा आणि वेळप्रसंगी लाकडी ठोकळा बडवून गाव जागे करावयाचे, ही रीत अद्याप चालू आहे. वीसपंचवीस ते पन्नासेक घरांवर एक प्रमुख असतो. जपानी अंमलात, १९४२ ते १९४५ या काळात, सुरू झालेली ही रचना आज 'एर्‌ते' या आद्याक्षरी नावाने टिकून आहे. पाहुणा मुक्कामास आला तर चोवीस तासांत या प्रमुखास कळवावे लागते. शाकाहारी पाहुण्यास आम्ही एवढेच सुचवू, की सोयाबीनचे तेंपे व तोफू तेथे मुबलक मिळतात, परंतु मिरचीच्या ठेच्यात बहुधा सुकटीचा खार असतो. आधी विचारून घ्यावे.

२७ मे २००६ रोजी पहाटे योग्यकर्त्याच्या दक्षिणेस झालेल्या भूकंपात पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. सर्वाधिक हानी बांतुल व क्लातेन या दोन जिल्ह्यांत झाली. विटांची घरे पत्त्यांसारखी कोसळली. ती पुन्हा उभी राहिली त्यात सरकारी साहाय्याचा वाटा मोठा होता हे खरेच. परंतु ढिगारे उपसणारे हात शेजाऱ्यांचे होते. असे शेजार पैसे टाकून विकत घेता येत नाही, आणि आमच्या मते त्या खेड्यातील खरी मालमत्ता हीच आहे.

आता जमिनीकडे वळू. जावा अतिशय दाट वस्तीचे बेट असल्याने शेतकऱ्याचे शेत फारच लहान असते. अर्ध्या हेक्टराहून कमी जमीन कसणाऱ्यास तेथे 'गुरेम' म्हणतात, आणि २०२३ च्या कृषिगणनेत साऱ्या देशातील शेतकरी कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक याच वर्गात मोडली. ज्याला स्वतःची जमीन पुरत नाही तो दुसऱ्याची अर्धेलीने करतो. या पद्धतीला 'मारो' असे नाव आहे. गावच्या मुखियास व कामगारांस पगाराच्या जागी वा पगाराबरोबर जमिनीचे उत्पन्न देण्याची 'बेंकोक' नावाची चाल आहे. आमच्याकडील पाटील-कुळकर्ण्यांची वतने स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा वर्षांत खालसा झाली, तेथे मात्र त्या चालीचा अवशेष अजून दिसतो.

१९६० सालचा मूलभूत जमीन कायदा या साऱ्याचा पाया आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने शेतजमिनीच्या गहाणाविषयी एक विलक्षण नियम घातला : सात वर्षे वा अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन सावकाराने मुक्तिधन न घेता मूळ मालकास परत करावी. एवढ्या वर्षांच्या पिकांत त्याचे मुद्दल वसूल झाले, असे यामागील गणित. सावकारी पाहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब नक्कीच बोचला असता! पुढे १९६१ मध्ये, शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा असावा असाही नियम झाला. जकार्तात बसून क्लातेनचे भात खाण्यास कायद्याची संमती नाही. अंमलबजावणी ढिली आहे, ही गोष्ट निराळी. वाटण्यांवरून १९६४ साली याच जिल्ह्यात शेतकरी संघटना व जमीनदार यांच्यात उघड झगडे झाले आणि पाठोपाठ १९६५-६६ च्या हत्याकांडात मध्य जावा रक्ताने माखला. कोणते शेत कोणाचे, हा प्रश्न तेथे कोणी सहज म्हणून विचारीत नाही.

कागदपत्रांची स्थिती आपल्या वाचकांस ओळखीची वाटेल. गावच्या वहीतील 'लेटर से' किंवा 'गिरिक' नावाचा उतारा हा कराचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे; आपला सातबाराही मालकीचा निर्णायक दाखला मानीत नाहीत, तसेच हे. २०१७ पासून सरकारने गावोगाव सरसकट मोजणी करून सर्टिफिकेट देण्याची मोहीम हाती घेतली, आणि २०२१ च्या नियमाने या जुन्या उताऱ्यांच्या नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत घातली.

आता मुख्य प्रश्न : परदेशी माणसास तेथे काय घेता येते? पूर्ण मालकी, जिला 'हाक मिलिक' म्हणतात, केवळ इंडोनेशियाच्या नागरिकास मिळते. याची मुळे जुनी आहेत; डचांच्या राज्यातही १८७० नंतर स्थानिक शेतकऱ्याची जमीन परकीयास विकण्यास बंदीच होती आणि साखरेचे कारखाने उसासाठी जमीन खंडाने घेत. आजही परकीयास दोनच सरळ वाटा आहेत. एक, वापराचा हक्क : तीस वर्षे, मग वीसची वाढ, मग तीसचे नूतनीकरण, मिळून ऐंशी; परंतु त्यास प्रवेशाची अथवा निवासाची कागदपत्रे व प्रांतवार ठरलेली किमान किंमत या अटी आहेत. दुसरी वाट साध्या भाड्याची, म्हणजे तीच वर सांगितलेली 'सेवा'. बालीत अशा जमिनीचा दर आरामागे दरवर्षी अमुक, असा बोलतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ आपला गुंठाच. किमतीत गुंठ्यांबरोबर वर्षे गुणलेली असतात, आणि भाडेकरूच्या हाती अखेर उरतात ती वर्षेच.

तिसरी एक वाट दलाल हळूच सांगतात : जमीन एखाद्या स्थानिक माणसाच्या नावे घ्यावी व त्याच्याकडून खाजगी करारपत्र लिहून घ्यावे. हे शुद्ध बेनामी आहे. मूलभूत कायद्याचे २६ वे कलम स्पष्ट सांगते की परकीयाच्या हाती प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मालकी जाईल असा व्यवहार आरंभापासून रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता यावयाचे नाहीत. ज्यांस आपल्याकडील १९८८ चा बेनामी कायदा व २०१६ मध्ये त्यास आलेली धार ठाऊक आहे, त्यांस अधिक काय सांगावे? यात ज्याच्या नावे जमीन घेतली तो बहुधा गावचा गरीब माणूस असतो, आणि भांडण झाले म्हणजे शेजाऱ्यांत तोंड दाखविणे त्याला कठीण होते. परक्या देशाच्या कायद्याला नावे ठेवण्यापूर्वी हेही आठवावे, की महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमामुळे बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि बेळगावकडील आमच्या बंधूंस अशी मोकळीक २०२० च्या दुरुस्तीनंतरच मिळाली.

व्यापाऱ्याच्या बाबतीतही त्या खेड्याने एकदा दार लावून पाहिले आहे. १९५९ च्या दहाव्या सरकारी नियमाने जिल्ह्याच्या ठाण्यांखालील गावांत परकीय नागरिकांस किरकोळ दुकानदारीची बंदी झाली. आघात मुख्यतः चिनी दुकानदारांवर होता. पुढील वर्षी त्यांपैकी लाखभर लोक देश सोडून चीनला गेले. सहकारी संस्थांनी ती जागा घ्यावी असा हेतू होता, पण दुकान चालविणे हुकमाने शिकविता येत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो यांनी ऐंशी हजार ग्राम-सहकारी संस्थांची योजना जाहीर केली, तीही क्लातेन जिल्ह्यातूनच. तिचे काय होते ते काळ दाखवील.

आम्हांस अधिक भरवसा पोंगोक गावाचा वाटतो. पोलानहार्जो तालुक्यातील या खेड्यात एक निर्मळ झरा आहे. २००९ मध्ये गावाने स्वतःची कंपनी काढली, झऱ्याच्या तळ्यात पोहण्याची व पाण्याखाली छायाचित्रे काढण्याची सोय केली, आणि गावकऱ्यांस तीत भाग घेऊ दिले. जमीन कोणी विकली नाही. उत्पन्न मात्र घरोघर गेले. शेत अपुरे म्हणून शहराची वाट धरणाऱ्या तरुणास गावात थांबविण्याचा याहून सरळ उपाय आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंनी तेथे जावे ते सातबारा शोधण्यास नव्हे, माल पाहण्यास. पेदानचे 'लुरिक' नावाचे पट्ट्यांचे हातमागाचे कापड, बायातचे हाताने मेण काढून रंगविलेले बातिक, तेथीलच कुंभारणींचे तिरक्या चाकावर घडविलेले मडके, ही सारी क्लातेनची आहेत. आणि चेपर या गावात तर लोखंडाच्या ओतकामाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतील व कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी ते एकदा अवश्य पाहावेत. वाळूच्या साच्यांविषयी दोघांस एकमेकांची भाषा न येताही पुष्कळ बोलता येईल.