घरच्या कॉम्प्युटरवर ऑक्टोपॅडचं रेकॉर्डिंग : आधी वायर समजून घ्या, मगच पैसे खर्च करा

दोडामार्ग : चतुर्थी जवळ आली की वाड्यावाड्यांत भजनाच्या तालमी रंगतात. पखवाज, झांज, पेटी तर हवीच. पण हळद, वरात आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की ऑक्टोपॅडही आलाच. वाजवणारी पोरं तयारीची आहेत. अडतं ते रेकॉर्डिंगला. स्पीकरसमोर मोबाइल ठेवून केलेलं रेकॉर्डिंग ऐकवत नाही आणि स्टुडिओसाठी बाहेरगावी जायचं तर अख्खा दिवस आणि पैसे दोन्ही जातात. घरी साधा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर हे काम घरात होऊ शकतं. मात्र चुकीची वस्तू विकत घेतली की पैसे पाण्यात.

मोबाइलने का जमत नाही?

ऑक्टोपॅडच्या रबराला स्वतःचा आवाज नसतो. काठी पडली की खालचा सेन्सर तो धक्का ओळखतो आणि मशीन आपल्याकडे साठवलेला आवाज वाजवतं. मोबाइलच्या माईकमध्ये मात्र काठीची टपटप, पंखा, पत्र्यावरचा पाऊस, सगळंच शिरतं. म्हणून आवाज हवेतून न घेता वायरनेच घ्यायचा.

रस्ते दोन : ऑडिओ आणि मिडी

ऑडिओ म्हणजे जो आवाज बाहेर पडतो तोच जसाच्या तसा साठवणं. मिडीत आवाज नसतोच. कुठलं पॅड, कधी आणि किती जोरात वाजलं एवढीच नोंद असते. जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. वहीत लिहून ठेवलेल्या बोलांसारखंच हे. एखादा ठोका चुकला तर नंतर तेवढाच सरकवता येतो.

मिडीची पद्धत १९८३ साली आली. रोलँड कंपनीचा १९८५ चा पहिला ऑक्टोपॅड, म्हणजे पॅड-८, याला स्वतःचा आवाज नव्हताच. आठ पॅडवरून तो फक्त मिडीचे निरोप दुसऱ्या मशीनला पाठवायचा.

इथेच बरेच जण फसतात. ऑक्टोपॅडमधली आवडती ढोलकी मिडीतून कॉम्प्युटरमध्ये जात नाही. जातो फक्त नंबर. समोर ड्रमचा आवाज लावला नसेल तर ढोलकीच्या जागी पियानोही वाजू शकतो! म्हणून मशीनमधलाच आवाज हवा असेल तर ऑडिओ घ्यावा. जमल्यास सोबत मिडीही घ्यावं, दुरुस्तीला उपयोगी पडतं.

काय लागतं?

• ऑडिओ इंटरफेस : दोन लाइन इनपुट असलेला. ऑक्टोपॅडच्या मागच्या एल आणि आर आउटपुटमधून मोठ्या पिनच्या दोन वायरी यात जोडायच्या. सेटिंग माईकवर नको, ‘लाइन’वर हवं. ४८ व्होल्टचं बटण बंद ठेवावं.

• लॅपटॉपच्या माईकच्या भोकात थेट वायर घालू नये. ते बारीक सिग्नलसाठी असतं, आवाज फाटतो आणि बहुतेक वेळा एकाच बाजूचा येतो.

• मिक्सर असेल तर दुकानात आधी विचारावं : त्याचं यूएसबी कॉम्प्युटरला जोडता येतं की फक्त पेनड्राइव्ह लावायला आहे?

• मिडीसाठी : एसपीडी-२० सारख्या जुन्या मॉडेलला पाच पिनांचं गोल सॉकेट असतं, त्याला यूएसबी-मिडी वायर लागते. एसपीडी-३० ला यूएसबी मशीनवरच आहे.

• सॉफ्टवेअर : फक्त ऑडिओ घ्यायचा तर ऑडॅसिटी मोफत आहे. ऑडिओ आणि मिडी दोन्ही हवं तर रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, पुढे लायसन्स घ्यावं लागतं.

आवाज उशिरा येतो, काय करायचं?

कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो. या साठ्याला बफर म्हणतात. तो १०२४ असेल तर जवळजवळ २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि हात अडखळतो. १२८ वर तोच उशीर ३ मिलिसेकंदांवर येतो. इंटरफेससोबत मिळणारा एसिओ ड्रायव्हर टाकावा. फक्त ऑडिओ घेताना इंटरफेसचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ सुरू करून हेडफोनवर ऐकलं तर ही अडचण उरत नाही.

लेव्हल आणि फाइल

सगळ्यात जोराचा ठोका मारून बघावा. काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहिला पाहिजे. लाल दिवा लागला म्हणजे आवाज फाटला, तो नंतर नीट सुधारत नाही. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल घ्यावी. मिनिटाला साधारण १६ एमबी जागा जाते, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ८० एमबी. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

लाइट आणि विजा

लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण अॅडॅप्टरवरचा ऑक्टोपॅड लाइट गेली की बंद पडतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्यावा आणि प्रत्येक टेकनंतर सेव्ह करावं. आवाजात घुंई येत असेल तर चार्जर काढून बघावं. त्याने थांबली तर घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच तोडू नये, जिवाशी खेळ होईल. विजा चमकायला लागल्या की सगळ्या वायरी काढाव्यात.

एकदा घेतलं की उपयोग अनेक

हाच इंटरफेस माईक लावूनही चालतो. गावातल्या जुन्या पखवाजवाल्यांचा हात, दशावतारातली वेगवेगळी चाल, डबलबारीतले ठेके हे कुठल्याही मशीनमध्ये तयार मिळत नाहीत. एक माईक पखवाजाच्या शाईच्या बाजूला, दुसरा धुमाच्या बाजूला ठेवला तरी चांगलं रेकॉर्डिंग होतं. वाजवणारा माणूस आहे तोवरच ते घेता येतं. आणि घेतलेली फाइल एकाच लॅपटॉपवर ठेवू नये, एक कॉपी पेनड्राइव्हवर दुसऱ्या घरात असू द्यावी.