खाडा का पडतो?

बांधकामावर मुकादमाजवळ हजेरीची वही असते. त्या वहीत आणि शाळेच्या हजेरीपटात फारसा फरक नाही. रिकाम्या चौकटीचा अर्थही दोन्हीकडे बहुधा सारखाच लावला जातो: आळशी आहे, व्यसनी आहे, गावाला पळाला असेल. एखाद्या माणसाच्या बाबतीत हे खरेही असू शकेल. परंतु एका कामावर सतत जास्त खाडे पडतात आणि दुसऱ्यावर कमी, असे दिसले, तर स्वभावापलीकडचे कारण शोधावे लागते.

प्रथम खाड्याचे गणित पाहू. समजा, स्लॅबच्या सेंट्रिंगसाठी सहा जणांची तुकडी आहे आणि प्रत्येक जण १०० पैकी ९५ दिवस कामावर येतो. सहाही जण एकाच दिवशी हजर असण्याची शक्यता किती? ०.९५ ला सहा वेळा मांडून गुणाकार केला, की उत्तर सुमारे ०.७४ येते. म्हणजे १०० पैकी २६ दिवस तुकडी अपुरी! प्रत्येकाची हजेरी ९० टक्क्यांवर आली, तर असे दिवस ४७ होतात. येथे प्रत्येकाचा खाडा स्वतंत्र आहे, असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात तसे नसते. पाच जणांना सहा जणांचे काम ओढावे लागले, की त्यांचा शीण वाढतो आणि पुढचा खाडा जवळ येतो.

येथे प्रश्न शरीराच्या थकव्यापुरता उरत नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा प्रसिद्ध अभ्यास आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात १९८५ पासून दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांच्या आजारपणाच्या रजा सर्वांत वरच्या श्रेणीतील पुरुषांच्या सुमारे सहापट आढळल्या. धूम्रपानासारख्या सवयींचा हिशेब वेगळा काढला, तरी हा फरक पुसला गेला नाही. ही सारी कचेरीत बसून काम करणारी माणसे होती, हे लक्षात घ्यावे.

असे का व्हावे, हे समजण्यास दोन कल्पना उपयोगी पडतात. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले, की कामाचा नुसता बोजा तितका घातक नसतो. बोजा मोठा आणि काम कसे, केव्हा करायचे यावर स्वतःचा ताबा मात्र नाही, ही जोडी सर्वाधिक ताण देते. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दुसरी बाजू दाखवली: कष्ट आणि त्यांचा मोबदला यांचा मेळ बसला नाही, की स्वास्थ्य बिघडते. मोबदला म्हणजे पैसा, तसाच मान आणि कामाची शाश्वतीही.

आता बिगाऱ्याचे काम या मापाने मोजून पाहा. बोजा भरपूर, वेग ठरवणार मुकादम, काम संपले की पुढे काय, हे ठाऊक नाही, घेतलेली उचल फिटेपर्यंत ठेकेदार बदलता येत नाही, कुटुंब गावाकडे किंवा पत्र्याच्या खोलीत. मनोसामाजिक स्वास्थ्य हा अवजड शब्द या साध्या गोष्टींनी बनलेला आहे.

याचा अर्थ खाडा नाही म्हणजे सारे आलबेल, असा मात्र घेऊ नये. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून तो अंगात ताप असताना परांचीवर चढतो. नाक्यावरून आलेला मजूर आला नाही, तर दुसरा घेतला जातो. वहीत त्याची गैरहजेरी उमटतच नाही. इंग्लंडच्या २०११ ते २०१५ च्या आकडेवारीत अकुशल पुरुष मजुरांमध्ये, विशेषतः बांधकामावरच्या, आत्महत्येचे प्रमाण देशातील पुरुषांच्या सरासरीच्या सुमारे तिप्पट आढळले. हजेरीच्या वहीतून असे दुःख दिसत नाही.

उपायही पुष्कळदा वहीबाहेर असतो. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’चे काम सुरू केले. पुढे १९९६ च्या केंद्रीय कायद्यात, ५० हून अधिक स्त्रिया काम करतात अशा बांधकामावर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, अशी तरतूद करण्यात आली. पाळणाघर नसेल, तर तान्ह्या मुलाला कोण सांभाळणार? एक तर आईचा खाडा पडतो, नाही तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीची शाळा बुडते. एका खोलीचा परिणाम असा दोन हजेरीपटांवर होतो.

म्हणून शिक्षकांना आम्ही एक उपक्रम सुचवतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शाळेचा मागील वर्षाचा हजेरीपट नावे झाकून द्यावा. एकेका दिवसाची गैरहजेरी कोणती आणि सलग कोणती, हे त्यांनी वेगळे करावे. आठवड्याचा वार, पेरणी, सण, उन्हाचा कडाका यांच्याशी ती ताडून आलेख काढावा. कारण सांगायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडावे. जवळच्या बांधकामावरून येणारी मुले वर्गात असतील, तर त्यांच्या रिकाम्या चौकटींपुढे शेरा लिहिण्याआधी एवढे जरूर विचारावे: घरी धाकटे कोण आहे, आणि आज ते कोणाजवळ आहे?