स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर : दवाखान्यात काय न्यावे, काय विचारावे



ऊस नोंदीसाठी गटातून फिरताना अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. "साहेब, आबा दारं धरून आलो म्हणत्यात, अन् मोटार चालूच केलेली नसती." म्हातारचळ म्हणून बहुतेक घरी विषय तिथेच संपतो. काहींनी डॉक्टर गाठला आणि कागदावर 'डिमेंशिया' म्हणजे स्मृतिभ्रंश असे निदान आले. यात लपविण्यासारखे काही नाही. आपल्या देशात ६० वर्षांवरील शंभरात सुमारे सात जणांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. प्रश्न पुढचा आहे, की आता करावयाचे काय?

माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. इथेही तेच. रक्तातील बी-१२, थायरॉईड आणि डोक्याचा स्कॅन झाला आहे का, हे आधी विचारावे. बी-१२ ची कमतरता (माळकरी मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावे), थायरॉईडचा दोष, मनाची उदासी किंवा पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त यांनीही माणूस असाच विसरतो, आणि यांवर इलाज आहे.

आमच्या थोरल्या चुलत्यांना घेऊन मी जिल्ह्याच्या ठिकाणी जात असे. डॉक्टरांनी विचारले, "काय बाबा, कसं काय?" चुलते ताठ बसून म्हणाले, "झकास! जेवण जातंय, झोप लागतीय." परक्या माणसापुढे रोगी असाच शहाण्यासारखा बोलतो. तेव्हा चुलतीने पिशवीतून वही काढली. नातीकडून तिने तारीखवार लिहून घेतले होते : वाट कधी चुकले, रात्री किती वेळा उठले, एकाच माणसाला दोनदा पैसे कधी दिले. वहीसोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटेही होती. रात्रीची भटकंती वाढली त्याच आठवड्यात दुसरीकडून लघवीची एक गोळी सुरू झाली होती. डॉक्टरांनी ती बदलली, आणि पंधरवड्यात घरचे रात्री झोपू लागले. विसर मात्र गेला नाही. चुलतीला अक्षरओळख नाही, पण वही ठेवावी हे तिलाच सुचले.

औषधांबद्दल स्पष्टच लिहितो. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन या औषधांनी रोग बरा होत नाही. काहींना काही काळ थोडी उभारी येते. मळमळ, जुलाब होऊ शकतात, पहिल्या दोन औषधांनी नाडीही मंदावू शकते. गुण किती महिन्यांनी पाहायचा आणि न आल्यास गोळी कधी थांबवायची, हे पहिल्याच भेटीत विचारावे. आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

लेकॅनेमॅब (२०२३) व डोनॅनेमॅब (२०२४) या इंजेक्शनांना अमेरिकेत मान्यता मिळाली, ती फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी. रोगाची चाल थोडी मंदावते, परंतु मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे वारंवार एमआरआय करावा लागतो. खर्च प्रचंड. यासाठी जमीन गहाण टाकू नये, असे माझे मत आहे. स्टेम सेलच्या जाहिरातींना तर भुलूच नये. त्याचा गुण सिद्ध झालेला नाही.

रोगी रात्री आरडाओरडा करू लागला की घरचे "शांत करायची गोळी द्या" म्हणतात. अशा काही गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ सालीच दिला आहे. आधी बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, दुखणे, कमी ऐकू येणे हे तपासून घ्यावे. तरीही गोळी लागलीच, तर किती दिवस, हे विचारावे.

आणखी एक काम, जे डॉक्टर सांगत नाहीत. माणूस समजून-उमजून सही करतो आहे तोवर ऊस बिलाचे बँक खाते संयुक्त करणे आणि शेअरचे नामनिर्देशन त्याच्या इच्छेने उरकून घ्यावे. मुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये; देणाऱ्याची समज गेल्यावर ते कायद्याने चालत नाही. नामनिर्देशनाबाबत गट ऑफिसात चौकशी करावी.

रात्री-अपरात्री घरच्यांचाच धीर सुटला, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि मराठीत बोलता येते.