पोट बघून ओळखायचे मासे

माझ्या पहिल्या वहीत पंधरा ठिकाणी एकच नाव आहे : मळ्या. भीमेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत तळाच्या दगडांजवळ करडा-तपकिरी, बोटभर मासा दिसला की मी हे नाव लिहून मोकळा होई. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून. एके दिवशी एका भोई आजोबांनी माझ्या हातातली काचेची बरणी पाहिली आणि म्हणाले, "साहेब, पाठ काय बघताय? उलटा करा की त्याला. ह्यो मळ्या, अन् ती मुरी." एकाच बरणीत दोन जाती होत्या.

मळ्याचे तोंड खालच्या बाजूला असते. खालच्या ओठामागे मांसल चकती असते. तिच्या आधाराने तो धारेतही खडकाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. मुरीला ही चकती नसते. तिच्या तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असतात, अंग लांबट असते आणि खवले इतके बारीक की चटकन दिसत नाहीत. पाठीवरचा रंग मात्र दोघांचाही तळाच्या दगडांसारखाच. वरून पाहणारा फसतो, तो त्यामुळे.

ही नावे जुनी आहेत. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने 1839 साली प्रसिद्ध केली. अनेक जातींना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन वळणाने दिली. आज जगभरचे अभ्यासक ज्याला 'गारा मुल्या' म्हणतात, तो आपला मळ्या. एका महसीरच्या 'टोर खुद्री' या नावातही इथलाच उच्चार आहे. भोई आजोबांची ओळख आणि शास्त्राची ओळख मुळात वेगळ्या नव्हत्या.

मग नावात चूक झाली तर बिघडते काय? मळ्याला खळाळते पाणी आणि शेवाळलेला खडक लागतो. गाळ साचला, दगड उचलले गेले, सांडपाणी आले की असे मासे आधी जातात. ओढा मात्र रिकामा दिसत नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सोडलेला दक्षिण अमेरिकेतला गप्पी घाण पाण्यातही तगतो, थेट पिल्लांना जन्म देतो आणि भराभर वाढतो. पुलावरून पाहणारा म्हणतो, "मासे आहेत की!"

म्हणून आता मी मासा ओल्या हाताने बरणीत घेतो. एक फोटो बाजूने, एक पोटाकडून, एक तोंडाचा. मिशा मोजतो, शेपटीजवळचा ठिपका पाहतो. जागा, तारीख आणि तिथले लोक घेतात ते नाव त्यांच्याच उच्चारात लिहितो. मग मासा त्याच डोहात सोडतो, दुसऱ्या ओढ्यात कधीही नाही.

पहिल्या वहीतल्या पंधरा नोंदींपुढे मी प्रश्नचिन्हे केली आहेत. त्यांतल्या एका ओढ्यावर गेल्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. दगडाखाली काही नव्हते. वर गप्पींचे थवे होते. तिथे पूर्वी मुरी होती की मळ्या, हे माझ्या वहीतून आता कुणालाच सांगता येणार नाही. आपल्या गावच्या ओढ्याची वही अजून कोरी असेल, तर निदान ही चूक टाळता येईल.